आत वळलेल्या काठाची ताटं

अप्पांच्या हातातला घास तोंडापर्यंत पोहोचेनासा झाला, ते आईनं आधी आमच्यापासून लपवलं. त्यांच्या सदऱ्यावर सांडलेलं कालवण ती गुपचूप धुऊन टाकायची आणि कोणी विचारलंच तर म्हणायची, "आमटी पातळ झालती." आता आमटी रोज उठून पातळ कशी होईल? मग एका रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही सगळे फरशीवर पंगत धरून बसलो आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अप्पांनी भाकरी मोडली, कालवणात कुस्करली, बोटं जुळवून घास उचलला, आणि तो वाटेतच सांडला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. ताट पुढं सरकायला लागलं म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं धरलं, तर तो हातही थरथरत होता. स्टीलचं ताट फरशीवर खडखडत राहिलं. आई, दादा, वहिनी आणि मी, चौघंही खाली माना घालून जेवत राहिलो.

कंपवात आहे, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी थोडं बरं वाटेल, पण आजार जाणार नाही, वाढतच जाणार. अप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. सगळी नोकरी त्यांनी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली होती, तीही पाथर्डीच्या बाजूला, जिथं दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो आणि मास्तर उरलेल्या पोरांना घेऊन बसतो. वाईट बातमी ऐकायची त्यांना सवय होती.

सवय नव्हती ती दुसऱ्याच्या हातनं जेवायची. आई भरवायला बसली की अप्पा दोन घास घ्यायचे आणि तोंड मिटायचे.

"पोट भरलं."

"येवढ्यात? अर्धी भाकर बी न्हाई झाली."

"भरलं म्हनलं ना. मी काय लेकरू हाय व्हय?"

वहिनीनं चमचा आणून दिला, तर चमच्यातलं कालवण तोंडाआधीच निम्मं खाली. आम्ही दुसऱ्या खोलीत गेलो तर ते एकटे बसून जेवायचा प्रयत्न करायचे. मग आतून खडखड ऐकू यायची, मग ती थांबायची, आणि अप्पा हाक मारायचे, "न्या गं ताट." ताटातलं सगळं ताटाभोवती सांडलेलं असायचं. महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडं घसरायला लागलं. मागं लागून, रागावून, रडून झालं. हा माणूस आपल्या हातानं जेवेल, नाहीतर जेवणारच नाही, हे आम्हाला कळून चुकलं.

आणि इथं माझं डोकं चालायला लागलं, कारण मी भांडीच करते.

सुप्याच्या कारखान्यांच्या मागं, जिथं डांबरी रस्ता संपून माळ लागतो, तिथं माझी पत्र्याची शेड आहे. पुण्यात शिकले, तिथंच काही वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत राबले आणि मग घराजवळ आले. चाकावर हातानं भांडी घडवते, एकदा भाजते, झिलई देते आणि मग इतक्या कडक आचेवर पुन्हा भाजते की माती दगडच होते. पाणी पीत नाही, टिचकी मारली की खणखणते. त्याला स्टोनवेअर म्हणतात, पण आमच्याकडं सगळ्यालाच चिनी माती म्हणायची पद्धत, आणि चिनी माती म्हटलं की लोकांना लोणच्याची बरणी आठवते. आई अजूनही विचारते, "आज किती बरण्या झाल्या?" मी आजवर एकही बरणी केलेली नाही. ताटल्या, वाडगे, कप करते आणि ते सगळं पुण्याला जातं. तिथल्या लोकांना जड भांडं फार आवडतं, कारण ते घासायला बाई असते. आमच्या घरात मात्र माझं एकही भांडं वापरात नव्हतं. अप्पांचा कटाक्ष होता की घरात सगळ्यांची ताटं एकाच घडणीची, स्टीलची, पाहुण्यासकट. आहेरात एखादं वेगळं ताट आलंच तर ते मोडीत द्यायचे. मी ते मास्तरांचं शिस्तीचं वेड समजत होते.

अप्पांसाठी ताट करायचं मनात आल्यावर मी आधी नुसती त्यांचे हात बघत बसले. अंगठा घास पुढं लोटतो, पण त्याला टेकायला काही नसतं, म्हणून घास पसरतो. ताट हलकं, म्हणून ते पळतं. दोन्हींवर माझ्याकडं उपाय होता. बूड जाड ठेवलं आणि बुडाखालची गोल कड झिलईविना खरखरीत सोडली, म्हणजे फरशीवर सरकणार नाही. काठ बोटभर उंच उचलून आत वळवला, म्हणजे लोटलेला घास काठाला अडेल आणि आपसूक बोटांत येईल. ऐकायला सोपं वाटतं. पण माती वाळताना आक्रसते, भाजताना आणखी आक्रसते, आणि आत वळवलेला काठ त्यात कुठं वाकडा होईल सांगता येत नाही. तीन-चार ताटं वाया गेली. एक मनासारखं उतरलं. त्याला मी माझी सगळ्यात चांगली झिलई दिली, पावसाळी आभाळासारखी निळी-करडी. ते ताट मी ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन घरी आणलं. मला वाटत होतं, मी जन्मात केलेलं हे एकमेव उपयोगाचं भांडं.

दुपारी पंगत बसली. चार स्टीलची ताटं आणि अप्पांपुढं ते निळं. वहिनीनं वाढलं. अप्पांनी ताटाकडं पाहिलं, मग आमच्या ताटांकडं एकेक करून पाहिलं. डोळे मिटून नेहमीसारखी प्रार्थना केली. मग भाकरीला हातसुद्धा न लावता ताट दोन्ही हातांनी उचललं आणि त्यातलं सगळं आईच्या ताटात ओतलं. थरथरत्या हातांनी ओतताना कालवण आईच्या लुगड्यावर उडालं. भिंतीला धरत ते मोरीपाशी गेले. वहिनी उठली, तर तिला हातानंच थांबवलं. ताट धुतलं, नीट, दोनदा पाणी घालून. मग पुढचं दार उघडून बाहेर गेले, आवाराच्या भिंतीवर ते ताट पालथं घातलं, आणि परत येऊन आपल्या जागी बसले.

मला वाटलं, आजार डोक्यात गेला. मी ताट आणायला उठले तर आईनं माझं मनगट घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती अप्पांकडं बघत नव्हती.

मागच्या अंगणात तिनं मला सांगितलं. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. "नवी नोकरी लागली तवाचं हाय. त्या गावात ज्याच्याकडं साळंची किल्ली असायची, त्येच्या वसरीवर च्या मिळायचा. बाकीच्या मास्तरांस्नी पितळंचं पेलं. ह्यांना चिनीमातीची कपबशी, कान तुटलेली. पितळ इस्तवातनं काढलं की चालतंय, चिनीमाती बाटली की बाटली, म्हून येगळीच ठेवायची. पिऊन झालं की आपली आपन धुवायची अन् भाईर भितीवर पालथी घालायची. त्येंच्याच पोरांना हे शिकवायचे, अन् कपबशी भितीवर. लगीन होऊन मी गेले, तवा मला बी एक दिली."

"पण आपण तर कधीचे ख्रिस्ती."

"आपन झालो गं. गावानं कुटं मानलं? आजा चर्चात गेला म्हून लोक आजाची जात इसरले व्हय?"

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"काय सांगायचं त्यात? लेकरांस्नी सांगायसारखं हाय का ते?"

मला राग आला. त्या किल्लीवाल्याचा आला, तो कधीच मेला असणार. आईचा आला. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त अप्पांचा आला. एका फुटक्या कपबशीपायी हा माणूस आता उपाशी मरणार, आणि तेही माझ्या ताटापुढं बसून? संध्याकाळी मी भिंतीवरचं ताट घेऊन त्यांच्यापुढं बसले.

"अप्पा, मी हे तुम्हाला वेगळं काढायला केलेलं नाही. तुम्हाला आपल्या हातानं जेवता यावं म्हणून केलंय, मुद्दाम तुमच्यासाठी."

"मुद्दामच आसतंय, बाई," ते म्हणाले. वर्गात शिकवताना अप्पा शुद्ध बोलायचे, पण आतलं काही असलं की गावाकडचीच भाषा यायची. "येगळं भांडं मुद्दामच ठेवत्यात."

"मी आणि ते लोक सारखेच का मग?"

"तू न्हाईस. पर माझ्या घासाला वळकत न्हाई ना, भांडं कोनी केलं त्ये." ताट माझ्याकडं सरकवून ते म्हणाले, "समद्यांचं जे आसंल, ते माझं. त्येच्यात सांडलं तरी चालंल."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा स्टीलचं ताट आणि पुन्हा ती खडखड. कोणीतरी त्यांच्या पोटावर वाजवत असल्यासारखी ती मला ऐकू यायची.

समद्यांचं जे असेल ते. बरं तर. मी ठरवलं, सगळ्या घराची ताटं तसलीच करायची. आईचं, दादाचं, वहिनीचं, माझं, आल्या-गेल्या पाहुण्याचं, सगळी त्याच मातीची, त्याच झिलईची, काठ आत वळलेली. ज्याला गरज नाही त्यानंही त्यातच जेवायचं. वहिनीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "घासायला जड होतील, पण करा." पुण्याची कामं मी बाजूला टाकली. दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू दे म्हटलं.

पण माती काही माणसाची घाई ओळखत नाही. एक ताट जमणं वेगळं आणि एकसारखी ताटं जमणं वेगळं. उन्हाळा लागला होता. माळावरचा कोरडा वारा शेडच्या फटींतून शिरायचा आणि काठ बुडाच्या आधी वाळायचा, मग बुडाला मधोमध तडा. मी गोणपाट ओलं करून पत्र्याला बांधलं, ताटांवर प्लास्टिक टाकलं, दिवसातून कितीदा तरी उलटीपालटी करत राहिले. पहिली खेप कच्च्या भाजणीतच गेली. दुसऱ्या खेपेत काठ लाटेसारखे वाकडे आले. ती वापरता आली असती, पण एकाचा काठ असा आणि एकाचा तसा झाला असता. अप्पांच्या नजरेतून ते सुटलं नसतं. मी ती सगळी शेडमागं फोडली. फोडताना शिव्या देत होते, कुणाला ते मलाच माहीत नव्हतं.

घरी अप्पांना पाणी पिताना ठसका लागायला लागला होता. आधी पाण्याचा, मग चहाचा, मग पातळ आमटीचाही. आई म्हणायची, उन्हाचं घशाला कोरड पडती. मी ते ऐकायचे आणि परत शेडवर जायचे. आणखी थोडेच दिवस, असं मनात म्हणत राहायचे. तिसऱ्या खेपेची ताटं सरळ वाळली. कच्ची भाजून निघाली, झिलई दिली, मोठ्या भट्टीत रचली. मी बर्नर पेटवला त्याच दुपारी दादाचा फोन आला की अप्पांना धाप लागलीय, अंगात ताप आहे, गाडी करून नगरला नेतोय.

मी भट्टी सोडून जाऊ शकत नव्हते. मध्येच गॅस बंद केला तर सगळं वाया, आणि नुसता चालू सोडून जाणं म्हणजे शेड पेटवणं. जाऊ शकत नव्हते असं मी म्हणते. गेलेही असते, पण दादा म्हणाला, "तू तिथंच थांब. इथं आम्ही आहोत." मी भट्टीच्या झरोक्यातून आतला पांढरा जाळ बघत बसले आणि मोबाईल मांडीवर ठेवला. आच पूर्ण झाल्यावर गॅस बंद केला आणि मीही नगरला गेले.

अप्पांचं गिळणं गेलं होतं. अन्न पोटात जायच्या ऐवजी थोडं थोडं छातीत जात होतं, कितीतरी दिवस. ठसका लागायचा तो त्याचाच. डॉक्टर तरुण होते, त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन नीट समजावलं. आता नाकातून नळी, पेज आणि दूध त्यातून द्यायचं. "तोंडातून काही म्हणजे काहीच नाही. घोटभर पाणीसुद्धा नाही."

"कदी पस्तोर?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी नळीतून पेज कशी सोडायची ते दाखवायला नर्सला बोलावलं.

मध्ये एकदा घरी कपडे न्यायला आले, तेव्हा शेडवर जाऊन भट्टी उघडली. ताटं निवली होती. एकही तडकलं नव्हतं, एकही वाकलं नव्हतं. सगळे काठ एकसारखे आत वळलेले, झिलई एकसारखी उतरलेली. इतकी चांगली भट्टी माझी आजवर लागली नव्हती. मी ती एकेक बाहेर काढून जमिनीवर मांडली आणि त्यांच्यामध्ये बसून मोठ्यानं रडले. माळावर ऐकायला कोणी नव्हतं, ते बरंच झालं.

अप्पांना घरी आणलं तेव्हा नळी गालाला चिकटपट्टीनं लावलेली होती. ताटं मी खोक्यात भरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली होती. दादा हळूच म्हणाला, "आता कशाला ती?" मलाही तेच वाटत होतं. आई मात्र उठली. मांडणीवरची स्टीलची ताटं तिनं काढून पोत्यात घातली आणि खोकं उघडलं.

"आजपासनं ह्येच्यात जेवायचं," ती म्हणाली. "वाढ गं."

आम्ही पंगत अप्पांच्या खाटेपाशी धरली. त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी सगळ्यांची ताटं पाहिली. मान वळायला त्रास होत होता, तरी वळवून वळवून पाहिली.

"समद्यांची येकच हायेत?" त्यांनी विचारलं. नळीमुळं आवाज घोगरा निघत होता.

"व्हय, समद्यांची," आई म्हणाली. "पावन्याची बी. खोक्यात हायेत अजून."

"मग माझं कुटं हाय?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. तोंडातून काहीच नाही, हे डॉक्टरांचं वाक्य आम्हा सगळ्यांच्या कानात होतं आणि अप्पांच्याही होतं. मग आईनं खोक्यातून एक ताट काढलं, पुसलं, त्यात बाजरीची भाकरी आणि मटकीचं कालवण वाढलं, मीठ वाढलं, कांदा ठेवला आणि त्यांच्या मांडीवर उशी ठेवून त्यावर ते ताट ठेवलं.

अप्पांनी डोळे मिटून प्रार्थना केली. आम्हीही केली. मग त्यांनी भाकरी मोडली. हात थरथरत होता, पण ताट जड होतं, ते हललं नाही. भाकरी त्यांनी कालवणात सावकाश, नीट कुस्करली. अंगठ्यानं घास पुढं लोटला. तो काठाशी जाऊन अडला, गोळा झाला आणि बोटांत आला. त्यांनी तो उचलला. कणभर सांडलं असेल नसेल. घास ओठांपर्यंत गेला. आई अर्धवट उठली. तिथं तो घास थांबला. अप्पांनी त्याचा वास घेतला आणि तो परत ताटात ठेवला.

"जमतंय की," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरा घास केला. तोही ओठांपर्यंत नेला आणि परत ठेवला. आणखी एक. ते बघत होते म्हणून आम्ही जेवत राहिलो. ते पंगतीत बसले होते आणि पंगत मोडायची नव्हती. सगळी भाकरी कुस्करून झाल्यावर त्यांनी हात ताटाच्या काठावर ठेवला आणि आईकडं पाहिलं.

आईनं स्वतःचं ताट बाजूला सारलं आणि त्यांचं ताट आपल्यापुढं ओढून घेतलं. त्यांनी केलेला एकेक घास ती जेवली, शेवटचा कणही निपटून. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या मागून त्यांच्याच ताटात जेवत आली होती. पण त्या दिवशी ते उष्टं नव्हतं. त्यातला एकही घास त्यांच्या तोंडाला लागला नव्हता.